साडूंची उडी आणि ताईंची

माझ्या थोरल्या साडूंच्या मते पुणं हे राहायला उत्तम शहर असलं, तरी वरून उडी मारायला अगदीच कुचकामी आहे. हे मत त्यांनी शहराची कसून पाहणी करून बनवलेलं आहे. उड्डाणपूल असो, नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटची गॅलरी असो की मंगल कार्यालयाचा जिना, ते कठड्याशी जातात, खाली वाकून बघतात आणि खिन्नपणे म्हणतात, "छे! इथून पॅराशूट उघडायचंच नाही." चहा घेऊन आलेले यजमान दारातच थबकतात. ज्या माणसानं नोकरीची सगळी वर्षं सपाट जमिनीवरच्या कालव्यांवर देखरेख करण्यात घालवली, त्याला आकाशातून पडण्याचं हे वेड कुठून लागलं, ते ताईंनाही सांगता येत नाही. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. "आमच्या माहेरी असं कुणी नव्हतं," एवढंच त्या सांगतात.

निवृत्तीनंतर हे वेड वाढलं. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवरून त्यांनी एकदा मंडईतून आणलेला पेरू रुमालाला बांधून खाली सोडला. तो चेअरमनच्या गाडीवर उतरला. "पेरूला काही झालेलं नाही!" साडू वरून आनंदानं ओरडले. "गाडीलाही झालं नव्हतं, आत्तापर्यंत," चेअरमन म्हणाले. मग एक दिवस मला घेऊन ते बुधवार पेठेतल्या एका उपकरणांच्या दुकानात गेले. पॅराशूटवाले मनगटावर बांधतात ते उंची दाखवणारं घड्याळ त्यांना हवं होतं. दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, "राहता कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या."

"मग मोजायची टेप न्या."

अखेर एका हिवाळ्यात, पुण्यापासून लांबच्या एका छोट्या धावपट्टीवर, साडूंच्या उडीचा योग आला. अशा पहिल्या उडीत नवख्या माणसाला प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधतात आणि दोघं मिळून उडी मारतात. साडूंना हे थोडं अपमानास्पद वाटलं, पण त्यांनी मान्य केलं. खाली मैदानाच्या कडेला सतरंजीवर ताई मटार सोलत बसल्या होत्या. विमान पार वर गेलं, त्यातून एक ठिपका सुटला, त्यावर रंगीत छत्री उमलली आणि मी टाळ्या वाजवल्या. पण छत्री सरळ होईना. दोऱ्यांना पीळ बसला होता, ती वेडीवाकडी गरगरत होती. बघता बघता ती सुटून वाऱ्यावर भरकटली आणि ठिपका पुन्हा दगडासारखा खाली येऊ लागला. माझे हात टाळीच्या मुद्रेतच राहिले. ताई उभ्या राहिल्या, मांडीवरचे मटार गवतात सांडले. मग दुसरी, पांढरी छत्री उघडली.

साडू उतरले ते हसतच. "एका उडीत दोन छत्र्या! असं नशीब किती जणांचं असतं?" परतीच्या वाटेवर ते गाडीत अखंड बोलत होते. भीती काय ती विमानाच्या दारात, बाहेर पडलं की पडतोय असं वाटतच नाही, हवाच खालून उशीसारखी रेटते. धोका आहेच, पण राखीव पॅराशूट त्यासाठीच तर असतं. धायरी येईपर्यंत ताई उरलेले मटार सोलत राहिल्या. दारात कुलूप उघडताना साडू म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात परत जायचं."

"पुढच्या हिवाळ्यात मी जाणार," ताई म्हणाल्या. "तुम्ही खाली थांबा."

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत.

आणि त्या खरंच गेल्या. विमान धावपट्टी सोडेपर्यंत साडू मला वाऱ्याची दिशा समजावत होते. विमान वर गेलं तसे ते सतरंजीवर पाठ फिरवून बसले.

"उघडलं का हो?"

"अहो, अजून उडीच मारलेली नाही."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "मारली." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"उघडलं?"

"उघडलं."

"पीळ नाही ना? सरळ आहे ना?"

"तुम्हीच बघा की."

"नको. तुम्हीच बघा."

ताई मैदानात अलगद बसल्यासारख्या उतरल्या. साडू गुडघेदुखी विसरून धावले. रस्त्यात बायकोच्या कायम चार पावलं पुढे चालणारा हा माणूस चारचौघांत तिच्या ड्रेसवरचं गवत झटकत होता, कपाळावरचे केस मागे सारत होता. "लागलं नाही ना? खरं सांग, लागलं नाही ना?"

"कळलं का, खाली कसं असतं ते?" ताईंनी विचारलं.

साडूंनी नुसती मान हलवली. ताईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि वर बघत त्या हळूच म्हणाल्या, "पण वर फार छान होतं हो."

त्यानंतर साडूंनी उडीचं नाव काढलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मीच विचारलं, तर म्हणाले, "आमचे डॉक्टर नको म्हणतात." ते डॉक्टर सकाळी माझ्याबरोबर फिरायला असतात. मी त्यांच्याकडे सहज चौकशी केली. "मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मी विषय तिथेच सोडला. मात्र थंडीत एखाद्या रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि आकाश निरभ्र असलं, की ताई खिडकीशी उभ्या दिसतात. "आज हवा किती चांगली पडलीय, नाही?" त्या म्हणतात.

"हो ना," साडू घाईघाईनं म्हणतात, "गाद्या उन्हात टाकू या." आणि स्वतःच गाद्या उचलायला लागतात.