टॉर्किलची पातळ विजार

स्पे नदीत उतरताना काय घालावं, हे गावात टॉर्किल गेडिसला विचारत. तीस वर्षं तो पाहुण्यांना सॅमन माशांच्या शिकारीला नेत होता. "एप्रिलात पाणी म्हणजे वितळलेलं बर्फ. छातीपर्यंतची जाड रबरी विजार, आत लोकरी मोज्यांचे दोन जोड. जूनपासून पातळ चालेल. शेवाळलेल्या गोट्यांवर बुटांना खिळे हवेतच. आणि कमरेचा पट्टा आवळा, पडलात तर विजारीत पाणी भरायला नको."

त्या एप्रिलात निवृत्त शिक्षिका ऊना रेट हे सगळं तंतोतंत पाळून आली.

"काय बाई, उत्तर ध्रुवावर निघालात?" टॉर्किल म्हणाला. बरोबरचे चौघे पाहुणे खो-खो हसले.

खरं तर त्याचीच जाड विजार पोटावर चढेना. ते कबूल करायची लाज, म्हणून तो उन्हाळी पातळ विजार घालून आला होता. पट्टाही नव्हता.

बाकीचे वरच्या वळणाकडे गेले. अर्ध्या तासात टॉर्किलचे पाय बधिर झाले, खालचा गोटा कळलाच नाही. तो आडवा झाला, विजारीत पाणी भरलं आणि उठता येईना.

ऊना कमरेपर्यंत पाण्यात शिरली. "काठी धरा! धडपडू नका, आधी पाय टेकवा!" तिनं त्याला ओढत काठावर आणलं, त्यात तीही चिंब भिजली.

दुपारी नदीकाठच्या झोपडीत दोघांनाही चिंब बघून कोणीतरी म्हणालं, "बाईंना काढायला उडी मारलीस वाटतं?"

"हं," टॉर्किल म्हणाला. एवढंच.

ऊनानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघून सूप पीत राहिली.

गावभर त्याचं कौतुक झालं. ऊनाला मात्र बेकरीतही ऐकावं लागे, "या वयात कशाला हो नदीत जाता?" तिनं नदीवर येणं सोडलं. तीन आठवड्यांनी टपाल कचेरीच्या फळ्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली: जाड विजार व बूट विकणे आहे, एकदाच वापरलेले.

टॉर्किलला तिथे उभं राहवेना. शनिवारी सगळे काठावर जमलेले असताना त्यानं तिला बोलावून घेतलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "बुडत होतो तो मी. यांनी मला काढलं. मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही.

"मला वाटलं होतं, त्याच दिवशी सांगाल," ऊना म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

जूनमध्ये ती परत नदीवर आली. पण सोबतीला तिनं दुसऱ्याच माणसाला घेतलं. टॉर्किलनं दुरून टोपी काढली. तिनं मान डोलावली आणि ती पाण्यात उतरली.