भागूची धुरी आणि माझी पिल्लं

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या अंडी उबवायच्या लाकडी पेटीत पहिली चोच कवचाबाहेर आली! शाळेतून निवृत्त होऊन कर्जतला आल्यापासून मी कोंबड्या पाळते. घासलेटच्या दिव्यावर चालणारी ही पेटी तर मी पोटच्या पोरासारखी जपते.

चिवचिव ऐकून शेजारची सुईण भागू धुमसती शेगडी घेऊन आली आणि तिने खुशाल पेटीचं दार उघडलं.

"अगं, मिट ते दार! आतला दमटपणा गेला तर पिल्लं कवचाला चिकटून मरतील!"

"वरडता कशाला, बाई? जन्मलेल्या पोराला ओव्याची धुरी द्यायची नाय? शाळा शिकवली म्हंजी बाळंतपण कळतं का?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला सगळा संयम मी तिथेच सोडला. तिला शेगडीसकट हाकललं, पेटीतल्या ताटलीत कोमट पाणी ओतून दार लावलं. पण पिल्लानं आतून टोचलेलं एक अंडं गप्पच झालं होतं. मी पेटीच्या दाराच्या काचेला नाक लावून बसले.

दुपारी तेही फुटलं! पिल्लू ओलं, वाकडंतिकडं, पण जिवंत!

आता भागू आळीभर सांगतेय, "माझ्या धुरीनं सुटका झाली." वर पाचवी पुजायलाही येणार आहे. सांगा, पेटीला कुलूप लावू, की तिला जेवायलाच बोलावू?