टाकी चारमधले दोन मासे

माझा डबा मी उघडला नाही. साहेबांनी सांगितलं आणि शिपायाने झाकण काढलं. प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर, सगळ्यांसमोर. आत भात होता आणि वाटीत सुक्या झिंग्यांची चटणी. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"घ्या. सापडले टाकी चारमधले मासे."

पाच माणसं हसली. मी मोजली. मोजणं हेच माझं काम आहे.

मी चंद्रपूरच्या एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. वय सेहेचाळीस. जातीने ढिवर, म्हणजे मासे धरणारे; गाव आरमोरीकडचं. फवारणीचं नवं औषध बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येतं. काचेच्या टाक्यांमध्ये रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडायची, प्रत्येक टाकीत सात. एका टाकीत नुसतं पाणी, बाकीच्यांत औषध चढत्या मात्रेने. शहाण्णव तास पाहायचं. रोज ठरल्या वेळी मोजायचं, मेलेला मासा लगेच बाहेर काढायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचं.

त्या वेळचं औषध म्हणजे धानावर मारायची पांढरी भुकटी होती. ती पाण्यात विरघळत नव्हती. साहेबांनी ती टाक्यांमध्ये तशीच ओतायला लावली आणि काचेच्या कांडीने ढवळायला सांगितलं. तासाभरात अर्धी तळाशी बसली, अर्धी साय धरल्यासारखी वर तरंगली. काचेलाही चिकटली. साहेब पाण्याचा नमुना टाकीच्या मधून घेत. तिथे औषध जवळपास नव्हतंच.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, हे असं नाई होत. आधी वेगळ्या भांड्यात लय वेळ घोळावं लागते. मग बसू द्यावं, आन् मधातलं निवळ पाणी नळीनं काढून मासे त्यात सोडावं."

"कोणत्या कॉलेजात शिकलात बाई?"

कॉलेजात नाही. उन्हाळ्यात नदी आटते, डबकी तुटक होतात, तेव्हा आमच्याकडे गेळाच्या विषारी फळांनी मासे गुंगवून धरत. माझी माय गेळ दगडावर ठेचायची आणि घमेल्यात पाण्याबरोबर चोळत बसायची. मी लहानपणी कंटाळून ठेचा तसाच डबक्यात फेकला होता. सगळा वर तरंगत राहिला, मासे खाली मजेत. माय म्हणाली होती, "वरून फेकलं त पाण्याले काय समजते? चोळ. हात दुखेपर्यंत चोळ." आणि एक डबकं दरवर्षी सोडून द्यायची. त्यात गेळ टाकायचं नाही. ते मासे पुढच्या पावसाचे.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेवढंच हसू आणखी.

दुसऱ्या दिवशी टाकी चारमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त मात्रेच्या टाकीत, दोन मासे मेले. आधी ते वर येऊन तोंड उघडत होते. बाहेर काढून कल्ले उचलून पाहिले. पांढरा थर. विषाने मेले की भुकटी कल्ल्यात बसून गुदमरले, ते मला माहीत नाही. ते शोधायला तर प्रयोगशाळा आहे. मी दोघांना फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवलं, चिठ्ठी लावली, बाटली कपाटात. रजिस्टरमध्ये लिहिलं: टाकी चार, मृत दोन.

तिसऱ्या दिवशी औषधाच्या कंपनीचा माणूस आला. त्याने रजिस्टर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. साहेब घाईने म्हणाले, "जे विरघळतच नाही, ते मारणार कसं? मेले नाहीत ते. गेले." मग माझ्याकडे वळले. "ढिवराच्या घरी मासा गेला की परत येतो का? डबा आणा त्यांचा."

बाटली माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. दोन पावलांवर. मी वळले नाही. बोलले नाही. झिंगा आणि रोहू यांतला फरक लहान लेकरालाही कळतो, पण टेबलाभोवतीच्या एकालाही तो पाहायचा नव्हता.

शिपाई झाकण लावताना हळूच म्हणाला, "बाई, मनावर नका घेऊ. साहेब मजाक करून राह्यले."

"तुमी काऊन हसले, भाऊ?"

तो डबा टेबलावर ठेवून बाहेर गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी टाक्यांच्या खोलीत बसले. हवेच्या नळ्या बुडबुडत होत्या. टाकी चारमध्ये पाच मासे उरले होते. एक सारखा वर येत होता. डबा मी उघडला नाही. मायने गावाहून पाठवलेले झिंगे, आणि मला त्यांच्या वासाची लाज वाटली. अकरा वर्षांत त्या इमारतीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बस थांब्यावर वही काढली. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, औषधं, कामं. त्या दिवशी हसणाऱ्यांची यादी केली. पाच नावं झाली. पेन थांबलं. मग सहावं नाव लिहिलं, माझं. ते हसले. पण बाटली कुठे आहे हे ठाऊक असून गप्प बसलेली फक्त मी होते.

चौथ्या दिवशी शहाण्णव तास भरले. साहेबांनी नवं पान पुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं: टाकी चार, दोन मासे गहाळ, मृत शून्य. खाली माझ्या सहीची जागा.

मी कपाट उघडलं. बाटली आणली आणि त्या पानावर ठेवली.

"हे गहाळ नाईत, साहेब. हे इथी हायेत."

कोणी हसलं नाही.

"सही करा, बाई. विषय वाढवू नका. नोकरी करायची आहे ना?"

"करायची हाये. म्हणूनच सही नाई करत."

जुन्या पानावरच्या माझ्या नोंदीखाली मी शाईने लिहिलं: मेलेले दोन्ही मासे बाटलीत. कल्ल्यांवर पांढरा थर. भुकटी विरघळलेली नाही. चाचणी पुन्हा करावी. खाली पूर्ण सही केली, तारीख आणि वेळ घातली. मग ते पान माझ्या वहीत अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं, साहेब पाहत असताना.

पुढच्या सोमवारपासून मला काचेची भांडी धुण्यावर टाकलं. टाक्यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. अहवालात शेवटी काय गेलं, मला कोणी सांगितलं नाही. ही भुकटी धानाच्या ज्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर मारणार, त्यांचं पाणी बोड्यांमध्ये, गावच्या छोट्या तळ्यांमध्ये उतरतं. त्या बोड्यांमध्ये माझा भाऊ जाळं टाकतो.

आता मी मधल्या टेबलावर जेवते. एकटीच. बाकीचे खिडकीकडे सरकतात. डब्यात झिंगे असतात आणि झाकण मी स्वतः काढते. पिशवीत ती वही असते. चाचणी पुन्हा व्हावी, असा अर्ज मी आवक विभागात दिला आहे आणि पोचेचा शिक्का घेतला आहे. उत्तर नाही. एक तारखेला दुसरा अर्ज देणार आहे. त्यानंतरच्या एक तारखेला तिसरा. अहवालात त्या दोन माशांपुढे 'मृत' लिहिलं जाईपर्यंत.