फिलुमायची साक्ष

ईस्टर होऊन पाचच दिवस झाले होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला. ‘फिलुमाय गेली...’ मिरच्या तिथंच राहिल्या.

हरमलात तिचं घर आमच्या समोरचं. नवरा इनास मासेमारी करायचा. मी एकोणीस वर्षांचा असताना तो माझ्या मोटारसायकलखाली येऊन मेला. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली... इनास न बघताच रस्त्यावर उतरला होता. पण ते पाहणारी एकटी फिलुमाय, दारात उभी. गावात मात्र, मीच सुसाट होतो, अशी बोलवा झाली आणि माझ्यावर पोलीस केस झाली. मी खोलीत कोंडून घेतलं. आई जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायची.

त्या वर्षीचा ईस्टर झाला आणि एका दुपारी दारावर थाप पडली. ‘बाबू, उघड. मी फिलुमाय.’ काळ्या कपड्यांत ती आत आली, खाटेवर बसली. ‘आमचा येशू परत उठला, तरी त्याची माणसं भिऊन दार लावूनच बसलेली,’ ती म्हणाली. ‘पन्नासाव्या दिवशी बाहेर आली नि बोलली. मलाही भीती वाटते रे पुता. लोक म्हणतील, नवऱ्याला विसरली. पण पाहिलं तेच सांगणार.’

त्या पन्नासाव्या दिवसाच्या, पेंटेकॉस्टच्या सणाआधीच ती पोलीस स्टेशनात गेली. सांगताना रडली, पण शब्द बदलला नाही. पुढे कोर्टातही तेच बोलली. मी सुटलो. तिच्या दिरानं मात्र दोन वर्षं तिच्या घराची पायरी चढली नाही. सणाला ती एकटीच जेवायची. आमच्या खिडकीतून दिसायचं.

खूप वर्षांनी धीर करून विचारलं, ‘माय, तुला माझा राग नाही आला?’

‘आला तर! अजून येतो कधी कधी. पण राग म्हणजे साक्ष नव्हे.’

मी बस ड्रायव्हर व्हायचं ठरवलं तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. पहिल्या दिवशी हरमलहून निघताना फिलुमाय बसमध्ये चढली, माझ्या मागच्या सीटवर बसली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, ‘चल.’ पुढे बाजाराला जाताना नेहमी तीच सीट, तोच शब्द.

परवा त्या सीटवर एक पर्यटक मांडीवर बॅग घेऊन बसला होता. घंटी वाजली, तरी माझा हात गिअरवरच... मग माझ्याच तोंडून निघालं, ‘चल.’ कंडक्टरनं वळून पाहिलं. बस निघाली.