सासूबाईंची गाठ आणि माझ्या चिंचा

“सून गुनाची हाय गं, पन लई घुमी. घराला आग लागली तरी पदर सावरून, हळूच कानात येऊन सांगंल!”

सासूबाई हे नळावर शेजारच्या गोदामावशींना सांगत होत्या आणि मी भिंतीआड धुणं पिळत होते. ते माझ्यासाठी नव्हतं, पण कानांवर काही पदर ओढता येतो? रागावू तरी कशी? खोटं काय होतं त्यात! पण ह्याच घुमेपणानं मी पुढे जो घोळ घातला ना, तो ऐकाच.

तेव्हा माझ्या अंगाची हळदसुद्धा नीट उतरली नव्हती. आमचे हे बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर, बिऱ्हाड कारखान्याच्याच चाळीत. एकदा न्हाणीत सासूबाईंची पाठ चोळताना मला त्यांच्या छातीत गाठ दिसली. किती दिवस चोळीआड लपवली होती, देव जाणे! हाताला धरून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “नगरला नेऊन काढून टाका. वाट बघू नका.”

खर्चाचं काय? कारखान्यात आजारपणाचा फंड होता. सगळ्यांच्या पगारातून थोडंथोडं कापून जमायचं आणि घरातल्या कुणाला मोठं दुखणं आलं की त्यातून दवाखाना भागायचा. मात्र घरच्या माणसानं फंडाच्या पंचांपुढे उभं राहून दुखणं काय ते सांगायचं. इथंच घोडं अडलं!

गळीत हंगाम जोरात, ह्यांना चरकापासून हलता येईना. आणि खरं सांगू? हलता आलं असतं तरी आईच्या छातीबद्दल चार बाप्यांपुढे हे काय बोलणार होते! सासूबाई तर म्हणाल्या, “गाठीसंगं सरनावर जाईन, पन त्या जागंचं नाव काढनार न्हाई. आन तू जाशील तर तू बी काढायचं न्हाई!”

म्हणजे सांगायचं, पण सांगायचं नाही. आणि ह्या कामावर नेमणूक कुणाची? चाळीतल्या सर्वांत घुम्या बाईची!

कचेरीच्या ओसरीवर चार पंच बसले होते. तात्या मुकादम त्यांतले थोरले.

“काय काम काढलं, सूनबाई?”

“नगरला जायचंय. मोठ्या दवाखान्यात.”

“का गं? काय हुतंय?”

मी पदर आणखी पुढे ओढला.

“कहाँ... कुठं दुखतंय, बेटी?” करीमचाचा मिस्त्रींनी मऊ आवाजात विचारलं.

मी अंगठ्यानं माती उकरू लागले. कानाच्या पाळ्या अशा तापल्या, की वर भाकरी भाजली असती.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्या मिशीत हसले. “आगं, मग लाजतीस कशापायी? ग्वाड बातमी हाय! पन त्याला फंड न्हाई, पोरी. पयलं बाळंतपन माहेरचं असतंय. बापाला निरोप धाड!”

आता वडीलधाऱ्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणायचं कसं? मी वाकून सगळ्यांना नमस्कार केला. नमस्कार! म्हणजे शिक्कामोर्तबच की हो!

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. गोदामावशी वाटीभर चिंचा घेऊन दारात.

“अहो मावशी, तसं काही नाही हो!”

“पयल्या खेपंला समद्याच असं म्हनत्यात!”

वाटी माझ्यापुढे ठेवून गेल्या. दिवेलागणीला ती रिकामी दिसली, मग तर कुणाला शंकाच उरली नाही. हे पाळीवरून आले ते फुललेला चेहरा घेऊन. मी खरं सांगितल्यावर उंबऱ्यावरच बसले.

“मग तुम्ही सांगा ना पंचांना.”

“मी? आणि काय सांगू?”

ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझं ‘नाही’ लाजेतच जमा करून सासूबाईंनी डोळे पुसत जे म्हटलं त्यानं माझं हसू पळालं. “आता कसलं नगर न कसलं काय! पोटुशी पोर टाकून मी न्हाई जायची. नातू खेळवंन, मग बघू गाठीचं.”

जो नातू नाहीच, त्याच्यासाठी ती गाठ थांबणार होती? नर्सबाईंचं ‘वाट बघू नका’ माझ्या कानातून जाईना.

पुढच्या रविवारी पंच बसले तशी मी निघाले. मागून सासूबाई, “आगं, हळू! ठेच लागंल!” मी ओसरीशी पोचले आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायलाच हवं. मी ओरडले, जन्मात पहिल्यांदा! मध्येच भोंगा थांबला. मी नाही थांबले. फाटकातून बाहेर पडणारी अख्खी पाळी जागच्या जागी उभी!

तात्यांनी पागोटं सावरलं. “मंजूर,” एवढंच म्हणाले. करीमचाचा म्हणाले, “शाबास, बेटी!” नगरला डॉक्टरीणबाईंनी गाठ काढली. आज सासूबाई माझ्याआधी उठून जात्यावर बसतात. चाळीतल्या बायका दुखणं लपवायच्या, त्या आता मला येऊन म्हणतात, “चल गं आमच्यासंगं पंचांकडं.” आणि परवाच नळावर सासूबाईंचा आवाज आला, “घुमी? माझी सून? आवं, तिनं भोंगा गप केला!” भिंतीआड धुणं पिळता पिळता मी अशी काही फुगले म्हणता!

पण त्याच भिंतीआड मला गोदामावशींचं खिदळणंही ऐकू येतं, कारण त्यांना माझं सगळं बोलणं पाठ आहे. मी काय ओरडले होते म्हणता? हे घ्या:

“तात्या, मला काऽही झालेलं नाही! गाठ माझ्या सासूबाईंच्या छातीत आहे, ती कापून काढायचीय, आणि तुमचा फंड त्यासाठीच आहे! आणि त्या चिंचा ना, त्या मी खाल्ल्या, कारण मला चिंचा आवडतात!”