तेराव्या होलवरून परत

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी होलमास्तर पहिल्या ग्रीनवर गुडघे टेकून बसले होते. ग्रीन म्हणजे चटईसारखं बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. त्याच्या मधोमध नाही तर कडेला कुठेतरी भोक असतं, भोकात झेंडा असतो, आणि गोल्फ खेळणारी माणसं अर्धा दिवस त्या भोकाच्या मागे असतात. भोकं अठरा. रोज ती बुजवायची आणि रोज नव्या जागी पाडायची, नाही तर एकाच जागी पाय पडून गवत मरतं. मास्तर हे काम बावीस वर्षं करत होते. दोन मुठींचं कटर जमिनीवर उभं धरायचं, अंगाचा भार टाकून फिरवायचं, गवतासकट मातीचा गड्डा सरळ वर काढायचा. तोच गड्डा नेऊन कालच्या भोकात बसवायचा. बसवल्यावर त्यावरून तळहात फिरवायचा. हाताला सांधा लागला तर गड्डा पुन्हा काढायचा.

त्यांच्या खिशात एक वही असे. प्रत्येक ग्रीनचे त्यांनी सहा भाग केले होते, एक ते सहा. पुढचा एक सगळ्यात सोपा, मागच्या कोपऱ्यातला सहा सगळ्यात अवघड. आज एक, उद्या दोन, अशी पाळी. कोणत्या मेंबरला काय आवडतं याला त्या वहीत जागा नव्हती. क्लबात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळे पाळायचे: भोक मागायचं नाही. कुणी थट्टेत म्हणालाच, "मास्तर, आज जरा पुढं ठेवा की," तर मास्तर विचारायचे, "चेंडू पण हातानं टाकून देऊ का?" आणि विषय संपायचा.

आज शनिवार होता, पाळी पाचची होती, आणि सव्वासातपर्यंत अठरा भोकं पाडून मास्तरांना स्वतः खेळायला उतरायचं होतं.

वर्षातून एकदा मेंबर आणि कामगार यांचा जोडीचा सामना असे. एका जोडीत एक मेंबर, एक कामगार, आणि चेंडू दोघांत एकच. एक फटका याचा, पुढचा त्याचा. कमी फटक्यांत चेंडू भोकात गेला की तो होल त्या जोडीचा. मास्तरांच्या वाट्याला क्लबचे अध्यक्ष आले होते. हा योगायोग नव्हता. मुख्य माळी गेल्या महिन्यात निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागेचा निर्णय आज बक्षीस समारंभात सांगणार होते. मास्तरांचं नाव सगळ्यांत वर होतं, असं सेक्रेटरीच म्हणाले होते.

मास्तरांना हुद्द्याचं फारसं नव्हतं. त्यांना घर हवं होतं. ते आणि त्यांची बायको पंपघराच्या वरच्या खोलीत राहायचे. पाणी सोडायचा पंप पहाटे चारला सुरू व्हायचा आणि खोलीतली भांडी वाजायला लागायची. बायको बावीस वर्षं चारनंतर झोपलेली नव्हती. एका कानाने तिला आता कमी ऐकू यायचं. मुख्य माळ्याचं घर फाटकापाशी होतं, दोन खोल्यांचं, पंपापासून पाऊण मैल लांब. बायको शिवणकाम करायची. गेल्याच आठवड्यात ती त्या घराच्या खिडक्या बाहेरून बघून आली होती आणि डोळ्यांनी मापं घेऊन तिने पडद्यांचं कापड कापलंसुद्धा होतं.

"अगं, अजून काही ठरलेलं नाही," मास्तर म्हणाले होते.

"ठरलं की कापायला वेळ मिळायचा नाही," ती म्हणाली होती.

आणि एक गोष्ट मास्तरांनी तिला सांगितली नव्हती. गुरुवारी दुपारी ते शेडमध्ये कटरच्या पात्याला धार लावत होते, तेव्हा अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. "शनिवारी तेराव्यावर भोक पुढं ठेव. मागच्या उतारावर माझं जमत नाही," ते म्हणाले. "तुझ्या जागेचं मी बघतो." मास्तरांनी मान वर केली नाही. कानस पात्यावर फिरत राहिली. अध्यक्ष थोडा वेळ थांबले आणि गेले. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. तो मास्तरांनी काढला नाही, कारण त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यापुढे फाटकापाशी असलेल्या खिडक्या होत्या.

शनिवारी तेराव्यावर त्यांनी भोक पाचलाच पाडलं. मागे उजवीकडे, उताराच्या वर.

पहिले बारा होल बरे गेले. समोरच्या जोडीत दातांचे डॉक्टर होते आणि क्लबच्या मुदपाकखान्यातला आचारी. आचारी मास्तरांचा जुना दोस्त. तो चेंडूला नमस्कार करून फटका मारायचा आणि चेंडू झाडीत गेला की म्हणायचा, "नमस्कार पोचला, चेंडू नाही पोचला." डॉक्टर हसायचे. अध्यक्ष हसत नव्हते, पण त्यांची जोडी एका होलने पुढे होती आणि गेल्या वर्षीचं बक्षीस त्यांचंच होतं, म्हणून ते गप्प होते. चांगला फटका बसला की ते "आपला फटका" म्हणायचे आणि वाईट बसला की "मास्तर, काय हे!"

तेराव्या ग्रीनवर पोचायला दहा वाजून वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी चेंडू भोकात घातलाच होता. अध्यक्षांचा चेंडू भोकापासून चार फुटांवर होता आणि फटका अध्यक्षांचा होता.

"साहेब, हळू," मास्तर म्हणाले. "डाव्या कडेवर धरा. पुढं उतार आहे."

अध्यक्षांनी सरळ मारला आणि जोरात मारला. चेंडू भोकाच्या कडेला चाटून गेला आणि उतारावरून खाली घरंगळत ग्रीनच्या बाहेर जाऊन थांबला.

अध्यक्षांनी पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी, जमिनीवर आपटला. त्या जागी गवतात खळगा पडला आणि मास्तरांचं लक्ष आधी त्या खळग्याकडे गेलं.

"तुला गुरुवारी काय सांगितलं होतं मी?" अध्यक्ष ओरडले. "तेराव्यावर भोक पुढं ठेव म्हणून सांगितलं होतं ना?"

दातांचे डॉक्टर आपला पटर पुसत होते. त्यांचा हात थांबला. "म्हणजे? भोक कुठं असणार हे तुम्ही आधीच ठरवलं होतं?"

अध्यक्षांच्या तोंडावरून एक सावली सरकली. आपण काय बोललो ते त्यांना कळलं, आणि सुधारायला त्यांनी एक क्षणही घेतला नाही.

"मी कशाला ठरवू? हाच आला होता माझ्याकडे! साहेब, शनिवारी भोक कुठं ठेवू ते सांगा, म्हणाला. मुख्य माळी व्हायचंय ना त्याला. पाय धरायचेच काय ते राहिले होते. मी हाकलून लावला."

"पण साहेब," आचारी म्हणाला, "तुम्ही तर आत्ताच म्हणालात की तुम्ही सांगितलं होतं."

"आचारी, तू खेळ."

"मी खेळतोच आहे साहेब. आणि मास्तर पाय धरायला आले होते, तर भोक तुमच्या मनासारखं पुढं का नाही मग?"

अध्यक्ष मास्तरांकडे बोट करून डॉक्टरांना म्हणाले, "विचारा त्याला, गुरुवारी नाही म्हणाला होता का तो? विचारा."

मास्तरांचे कान तापले. खोटं आरडून सांगितलं होतं आणि त्याच्या पोटात एक खरा खिळा होता: ते नाही म्हणाले नव्हते. या माणसाने त्यांच्या गप्प बसण्याचा हिशेब नीट लावला होता. बावीस वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी कुणी त्यांच्याकडे बोट दाखवू शकलं नव्हतं, ती गोष्ट याने दोन वाक्यांत आचाऱ्यासमोर चिखलात टाकली होती.

"नाही म्हणालो नाही," मास्तर म्हणाले. "तोंडावर नाही म्हणायला हवं होतं, ते चुकलं. पण मी तुमच्याकडे आलो नव्हतो. तुम्ही शेडमध्ये आला होतात. साहेब, तुम्ही खोटं बोलताय."

"काय म्हणालास?"

"खोटं बोलताय म्हणालो. आणि माझा खेळ इथं संपला."

"अजून पाच होल आहेत! तू गेलास तर जोडी बाद होते, कळतंय का?"

"नियम मला पाठ आहे."

"जागेचं विसर मग."

मास्तर खाली वाकले. पटरने पडलेला खळगा त्यांनी खिशातल्या गवत सावरायच्या काट्याने चारी बाजूंनी आत ओढला आणि बुटाने दाबून सपाट केला. आचाऱ्याच्या हातातला झेंडा घेऊन भोकात उभा केला. मग उसनी आणलेली काठ्यांची पिशवी खांद्याला लावली आणि चौदाव्याकडे न जाता झाडांच्या मागच्या वाटेने निघाले. मागून अध्यक्षांचा आवाज येत होता. काय बोलत होते ते मास्तरांनी ऐकलं नाही, कारण स्वतःलाच शिव्या घालण्यात त्यांचे कान गुंतले होते. गुरुवारी तोंड शिवलं होतं का रे तुझं? पडद्यांसाठी?

पावणेअकराला ते शेडमध्ये कटर उघडून बसले होते. गुरुवारीच लावलेली धार ते परत लावत होते. तिथे सेक्रेटरी धापा टाकत आले.

"मास्तर, असं अर्धवट सोडून कुणी येतं का? तिकडे आता सगळे म्हणतायत, पकडला गेला म्हणून पळाला."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय? अजून ते पंधराव्यावरच आहेत, नुसते मजेखातर खेळतायत. परत जा, सॉरी म्हणा, सोबत अठरावा पुरा करा. मी सांभाळून घेतो."

मास्तरांनी खिशातली वही काढून पुढे केली. "आजचं पान बघा. अठराही ठिकाणी पाच. परवापासूनची पाळी बघा. हवं तर बावीस वर्षांची बघा, घरी पेटीत आहेत."

सेक्रेटरींनी वही हातात घेतली, उघडली नाही आणि परत दिली. "वहीनं काय होतंय मास्तर? ते अध्यक्ष आहेत."

"मग मला काय विचारता? त्यांनाच विचारा," मास्तर म्हणाले आणि कानस उचलली.

जेवायला घरी गेले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. बायको मशीनवर बसली होती, पण मशीन बंद होतं.

"पाच होल," ती म्हणाली. "पाच होल तोंड मिटून चालायचं होतं. तेवढं जमलं नाही तुम्हाला?"

"गुरुवारी मिटलं होतं. त्याचंच हे झालं."

मग त्यांनी गुरुवारचं सगळं सांगितलं. तिने चांगला कान पुढे करून ऐकलं.

"आचाऱ्यासमोर म्हणाला? पाय धरायला आले होते म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही नुसतं खोटं बोलताय म्हणालात? एवढंच?"

"आणखी काय म्हणायला हवं होतं?"

"मी असते तर तो पटर त्याच्या हातातून काढून घेतला असता," ती म्हणाली. मग कापलेल्या पडद्यांचे तुकडे तिने उचलले, घडी न घालता टोपलीत कोंबले आणि टोपली पायाने पलंगाखाली सरकवली. "घर गेलं ते गेलंच. तुमच्यावर रागवायचं मी सोडलेलं नाही. जेवून घ्या."

चार वाजता समारंभात मुख्य माळी म्हणून गवत कापणाऱ्या मशीनवाल्याचं नाव वाचलं गेलं. वय अडतीस, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. टाळ्या वाजल्या. मास्तर तिथे नव्हते.

साडेपाचला मशीनवाला शेडमध्ये आला. दाराशी घुटमळला.

"मास्तर, मी मागितली नव्हती जागा."

"माहीत आहे. बस."

"घराचं मी सेक्रेटरींना विचारू का? तुम्ही राहा तिथं, मी आहे तिथं बरा आहे."

"नको. घर जागेचं आहे. जागा तुझी." मास्तरांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "सही कर. उद्याचा तक्ता आहे. आता सही तुझी लागते."

मशीनवाल्याने कागद वाचला. नजर वरून खाली आली, परत वर गेली.

"मास्तर, उद्या रविवार आहे."

"हो."

"अठराही ठिकाणी सहा?"

"आज पाच होते. पाचानंतर काय येतं?"

"पण रविवारी तुम्ही कधी सहा ठेवत नाही. सहा आला की तीन करता, आणि सहा सोमवारवर ढकलता."

"ढकलत होतो. मेंबर लोक आठवड्यातून एकदा येतात, घरी हसत जावेत म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. बावीस वर्षांत एकाही मेंबरला कळलं नाही." मास्तरांनी पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. "ती माझी मेहेरबानी होती. ती आजपासून बंद. सगळी भोकं कडेपासून चार पावलं आत आहेत. नियमात बसतात. मोजून घे."

मशीनवाल्याने मोजायला नको म्हणून मान हलवली आणि मुख्य माळी म्हणून पहिली सही केली.

उद्या रविवार. पंप चारला सुरू होईल. पहिलं भोक पाच दहाला पडेल, पहिल्या ग्रीनवर, मागच्या डाव्या कोपऱ्यात. तेराव्यावरचं साडेसहाच्या सुमारास पडेल, आजच्याहून नऊ पावलं मागे. अध्यक्षांची खेळायची वेळ सात वीसची आहे.