उतरलेली कावीळ

शेजारच्या सुनंदाला सातवा महिना आणि त्यात कावीळ. तिच्या सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्या बाबांना बोलावलं. त्यांनी तिच्या हातांना कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीनं ते परातीत धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. “बघा, उतरली!” सासूबाई म्हणाल्या आणि दारातल्या बायकांनी हात जोडले.

तो रस चुन्यात पिवळा होतोच, कावीळ असो वा नसो. माझं डोकं सणकलं. पण बाबांवर तरी किती चिडायचं? ते निदान आले. गटारातून गेलेला आमच्या नळाचा फुटका पाइप बघायला नगरपालिकेचं कुणी फिरकलं नाही. तक्रार केली तर साहेब म्हणाले, “पाणी उकळून प्या.” म्हणजे घाण त्यांनी पाजायची आणि गॅस आम्ही जाळायचा! डॉक्टर सांगत होते, पाण्यातून येणाऱ्या, गरोदर बाईच्या जिवावर बेतणाऱ्या या ‘ई’ प्रकारच्या काविळीवर लससुद्धा निघाली आहे, फक्त आपल्याकडे मिळत नाही. कुणीतरी डोळ्यांना न दिसणारा विषाणू शोधून काढला, आणि आमच्या साहेबांना पाइपाचं वीतभर भोक दिसत नाही.

परातीतलं पाणी सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं. नळाचं कुणी पाहिलं नाही. मग सासूबाईंनी परात उचलली आणि उतरलेली कावीळ दारापुढच्या गटारात ओतली, नेमकी त्या फुटक्या पाइपावर.